मदत हवी आहे: आईचं सीआयएन १ आणि वाढलेली शुगर

आम्ही परभणीकडचे. आईच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या बायोप्सीत सीआयएन १ (पेशींमधला सौम्य बदल) आलंय. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नाही, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतं, बहुतेकदा आपोआप बरं होतं. वर्षाने पुन्हा तपासू. पण रक्तात एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ८.४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०. शुगर अशी चढलेली असताना हे बरं व्हायला उशीर लागतो का? स्त्रीरोगवाले म्हणतात शुगरवाल्यांना विचारा, ते परत इकडंच पाठवतात. गल्लीतल्या बायकांचं एकच, ‘पिशवी काढून मोकळ्या व्हा.’ मला ते मुळीच पटत नाही. आई भाकरी मोजून खाते, चहात मात्र चोरून साखर टाकते. डब्याचं झाकण वाजलं की कळतं.

कुणाच्या घरी शुगर आटोक्यात आल्यावर पुढचा पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आलाय का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?