बातमी, जाहिरात की प्रचार? अकरावीच्या मुलांना ओळखायला कसे शिकवायचे

प्रश्न : फळा_खडू

अकरावीच्या ४० मुलांसाठी दोन तासांचे सत्र घ्यायचे आहे. विषय : जाहिरात, जनसंपर्क आणि प्रोपगंडा आपले मत कसे वळवतात. हाताशी 'प्रचाराच्या सात युक्त्या' ही नेहमीची यादी आहे : शिक्का मारणे, गोड मोघम शब्द, प्रतिष्ठेची उसनवारी, नामवंतांची ग्वाही, 'मी तुमच्यातलाच', सोयीचे तेवढेच दाखवणे आणि 'सगळे करतात'. ती पाठ करून घ्यावी का? की मराठी वर्तमानपत्रावर करता येईल असे काही प्रात्यक्षिक आहे?

प्रतिसाद १ : उलट_तपासणी

यादी दहा मिनिटांत उरका. ती १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या प्रोपगंडा-विश्लेषण संस्थेची. वाईट नाही, पण मुले प्रत्येक वाक्यावर एकेक नाव चिकटवतात आणि तिथेच थांबतात. गोड मोघम शब्द तर पोलिओ डोसच्या जाहिरातीतही सापडतील, मग पुढे काय?

त्याऐवजी एकच प्रश्न लावून धरा : बोलतोय कोण आणि बोलवतोय कोण? जाहिरातीत दोघे एकच असतात आणि ते दिसते, म्हणून वाचक आपसूक सावध असतो. जनसंपर्कात बोलणारा तिसराच : डॉक्टर, पत्रकार, 'एका सर्वेक्षणानुसार'. सगळी ताकद त्या तिसऱ्याच्या तोंडात.

जनसंपर्काचा अमेरिकी जाणकार एडवर्ड बर्नेज याचे बेकनचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) प्रकरण यासाठी उत्तम. १९२०च्या दशकात अमेरिकेत बीच-नट कंपनीला बेकन जास्त खपवायचे होते. बर्नेजने 'बेकन खा' असे कुठेच म्हटले नाही. एका डॉक्टरकडून सुमारे ५,००० डॉक्टरांना पत्र गेले : सकाळची न्याहारी हलकी बरी की भरपेट? बर्नेजच्याच सांगण्यानुसार सुमारे ४,५०० जणांनी 'भरपेट' म्हटले. वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली आणि भरपेट न्याहारी म्हणजे बेकन-अंडी हा मजकूर त्याच सुमारास त्या बातमीच्या शेजारी येत राहिला.

मुलांना विचारा, यात खोटे काय? जवळपास काहीच नाही. मेख प्रश्नात आहे. बेकनबद्दल डॉक्टरांना कुणी विचारलेच नव्हते. मग गटागटाने एखाद्या बिस्किट कंपनीसाठी असा प्रश्न तयार करायला लावा, ज्याला कुठलाही डॉक्टर 'हो' म्हणेल. एकदा स्वतः सापळा लावला की दुसऱ्याचा लगेच दिसतो.

प्रतिसाद २ : उपसंपादक_रात्रपाळी

वर्तमानपत्राचे प्रात्यक्षिक असे करा. एकाच दिवसाची तीन मराठी वर्तमानपत्रे घ्या, पुरवण्यांसकट. खरा माल पुरवणीतच असतो. प्रत्येक गटाला एक संच, पट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली.

आधी कोपरे पाहायचे. 'जाहिरात', 'प्रायोजित', 'माध्यम उपक्रम' असे शब्द बारीक टायपात, बहुधा वरच्या नाहीतर खालच्या टोकाला असतात. मग टाइप : पानावरच्या बाकी मजकुरापेक्षा अक्षर किंवा स्तंभाची रुंदी वेगळी असेल तर ते पान जाहिरात विभागाकडून आलेले असू शकते. मग क्रेडिट लाइन : बातमीदाराचे नाव, 'प्रतिनिधी', वृत्तसंस्था, की काहीच नाही?

उरलेल्या मजकुरात प्रेसनोट, म्हणजे कंपनीने किंवा संस्थेने छापण्यासाठी पाठवलेला तयार मजकूर, हुडकायची. तिचा साचा ठरलेला. पहिला परिच्छेद जसाच्या तसा उचलता येईल असा बेतलेला. दुसऱ्यात व्यवस्थापकीय संचालकांचे वाक्य, जे बोलताना कुणीही बोलत नाही ('ग्राहककेंद्रित दृष्टिकोनातून आम्ही कटिबद्ध आहोत'). शेवटी संस्थेची ओळख. पाने लागायची घाई असली की तेवढा शेवटचा परिच्छेद उडतो आणि बाकीचे छापले जाते. दुसरी बाजू नाही, किंमत नाही, तोटा नाही, हीसुद्धा खूणच.

इथे एक चूक हमखास होते. दोन वर्तमानपत्रांत शब्दन् शब्द सारखा मजकूर दिसला की मुले 'पेड न्यूज!' (पैसे घेऊन छापलेली बातमी) म्हणून मोकळी होतात. तो पीटीआय या वृत्तसंस्थेचा असू शकतो, जिल्हा माहिती कार्यालयाचा असू शकतो, किंवा फुकट आलेली प्रेसनोट दोघांनी आळसाने लावलेली असू शकते. सारखेपणातून उगम एक एवढेच कळते. पैसे दिले गेले का, हे कळत नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर स्पर्धक वर्तमानपत्रांत एकाच उमेदवाराचे तेच कौतुक तसेच्या तसे छापलेले दिसले आणि मोठी चर्चा झाली. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर सविस्तर अहवाल दिला. पण व्यवहार रोखीत, पावती नाही. सिद्ध करणे तेव्हाही अवघड होते.

प्रतिसाद ३ : कलम_दहा

नियमांचे थोडक्यात. जाहिरातीतला दावा मराठीत असेल तर खालची अस्वीकृतीची ओळही (डिस्क्लेमर) मराठीतच हवी. २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तसे स्पष्ट आहे. मराठी जाहिरातीखाली मुंगीएवढ्या इंग्रजीत 'अटी लागू' शोधायला लावा, पोरांना मजा येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

मोबाइलवरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी 'आस्की' या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे नियम २०२१ पासून आहेत. १५ सेकंदांहून लहान व्हिडिओत जाहिरातीची पट्टी किमान ३ सेकंद दिसली पाहिजे आणि १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. घड्याळ लावून मोजता येते.

निवडणुकीतल्या पेड न्यूजसाठी जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. ठरले तर त्या जागेचा जाहिरात दराने हिशेब करून उमेदवाराच्या खर्चात धरतात.

फळा_खडू

आभार. पण प्रोपगंडाचे उदाहरण म्हणून हिटलर सोडून काही? तो आला की मुले म्हणतात, 'ते वाईट लोक होते, आम्ही फसलो नसतो.'

उलट_तपासणी

नायिराची साक्ष घ्या. १० ऑक्टोबर १९९०, वॉशिंग्टन. पंधरा वर्षांची कुवेती मुलगी रडत सांगते की इराकी सैनिकांनी इस्पितळातली बाळे इनक्यूबेटरमधून काढून जमिनीवर मरायला टाकली. आडनाव सांगितले नाही, कारण दिले नातलगांच्या सुरक्षेचे. १९९२च्या जानेवारीत बाहेर आले की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी. मोहीम हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीची आणि पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा. बाळांच्या गोष्टीला पुढे पुरावा मिळाला नाही. मधल्या काळात अमेरिकेचे इराकशी युद्ध होऊन गेले होते. आणि जिच्यासमोर ती बोलली ती अमेरिकी संसदेची अधिकृत समिती नव्हती, खासदारांचा अनौपचारिक गट होता. शपथ नव्हती. पडद्यावर मात्र सगळे संसदीय साक्षीसारखेच दिसले.

आधी आडनाव न सांगता साक्ष वाचून दाखवा, 'किती विश्वास बसला' ते शून्य ते दहा आकड्यात लिहून घ्या, मग बाकीचे सांगा.

उपसंपादक_रात्रपाळी

एक धोका आहे. सत्र संपताना 'सगळेच विकलेले' असे मुलांनी म्हटले तर डाव उलटला. १९५४च्या जानेवारीत अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापले. 'सिगारेट चांगली' असे त्यात नव्हते. कॅन्सरचा संबंध सिद्ध झालेला नाही, आम्ही संशोधनाला मदत करू, एवढेच. कशावरच विश्वास नको, हाच तिथे विकायचा माल होता.

म्हणून शेवटच्या चाचणीत दहा कात्रणे द्या आणि त्यातली चार पूर्ण स्वच्छ ठेवा : बातमीदाराचे नाव, दोन्ही बाजू, पडताळता येणारा आकडा. गुण देताना सुटलेल्या जाहिरातीला एक वजा आणि स्वच्छ बातमीवर मारलेल्या शिक्क्याला दोन वजा.