प्रतिसाद: सिकलसेल आणि जीन थेरपी
'क्रिस्पर आलं, आता सिकलसेलचं टेन्शन संपलं' हे वरच्या प्रतिक्रियेतलं म्हणणं पटलं नाही. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आणि क्रिस्पर म्हणजे जनुकात दुरुस्ती करायचं तंत्र. त्यावरच्या कॅसजेव्ही या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा किंमत २२ लाख डॉलर. शिवाय दुरुस्त केलेल्या पेशी चढवण्याआधी केमो देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. मूल होण्याची क्षमताही त्यात जाऊ शकते, हे इथं कुणी बोललंच नाही.

आमच्या धानोऱ्याकडे (गडचिरोली) गाडी त्याच्या कितीतरी आधी अडते. मामेबहिणीची सोयरीक जुळत होती, दोघंही वाहक निघाले, म्हणजे सदोष जनुक अंगात, पण स्वतःला आजार नाही. दर बाळंतपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के, हे सिस्टरनं कागदावर चार गोल काढून, एक पेनानं काळा करून समजावलं. मुलाकडचे 'पोरगी बिमार आहे' एवढंच घेऊन गेले. पोराचा रिपोर्टही तसाच होता, त्याचं नाव कुणी काढलं नाही.