आवाज थांबले, पण लक्षात काही राहत नाही: गॅमा लहरींचा पट्टा घ्यावा का?

कृष्णाकाठची
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वय सव्वीस. गोळ्या वेळच्या वेळी घेतो, कानातले आवाज बंद आहेत, संशयही गेला. पण रवा, मोहरी, साबण आणायला पाठवलं की रवा घेऊन येतो आणि बाकीचं विचारलं की गप्प. ओटीपी आला तर तो टाइप करेपर्यंत विसरतो. बाबा म्हणतात आळशीपणा आहे, जुनी गाणी बरी तोंडपाठ आहेत! सरकारी दवाखान्यात एवढं सगळं बोलायला वेळच मिळत नाही.
गावात एक जण कपाळाला लावायचा पट्टा आणि ४० हर्ट्झचा (सेकंदाला ४० ठोक्यांचा) आवाज असं पॅकेज विकतोय. म्हणे मेंदूतल्या गॅमा लहरी 'सेट' होतात. या लहरी खरंच असतात का? आणि आवाज थांबवणाऱ्या गोळ्यांनी हे का सुधारत नाही?

वायरगुंता
ताई, मी ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजायच्या, लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही, लोकांच्या डोक्यावर टोपी चढवून जेल भरणारा माणूस. लहरी खऱ्या आहेत. पट्टा घेऊ नका.

सहा आकडे टाइप होईपर्यंत डोक्यात धरून ठेवायचे, ही वर्किंग मेमरी. पाठ असलेली गाणी हे वेगळं खातं, त्यामुळे बाबांचा पुरावा इथे चालत नाही. येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांमध्ये दाखवलं होतं की, समोरचा ठिपका नाहीसा झाला तरी कपाळामागच्या भागातल्या काही पेशी मधला सगळा वेळ जाग्या राहतात, म्हणून तो कुठे होता ते माकडाला सांगता येतं. १९९२ मध्ये पार्क आणि होल्झमन यांनी त्याच धर्तीची चाचणी स्किझोफ्रेनिया असलेल्यांवर घेतली. ठिपका दिसत असताना नजर बरोबर जायची. मध्ये काही सेकंद गेले की चुका वाढायच्या. तुमच्या भावाचं मोहरी-साबणाचं तेच होतंय.

आता रसायनं. या पेशी एका ठेक्यात चालायच्या तर सगळ्यांना एकदम गप्प करून एकदम सोडणारं कोणीतरी लागतं, भजनात टाळकरी लागतो तसं. ते काम गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या काही छोट्या पेशी करतात. हे गप्प करणं-सोडणं सेकंदाला साधारण ३० ते ८० वेळा होतं, तीच गॅमा लहर. पिट्सबर्गमध्ये डेव्हिड लुईस यांच्या गटाने मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास केला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या या भागात गाबा बनवणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण कमी आढळलं. आवाज ऐकू येण्याचा संबंध मेंदूच्या आतल्या भागातल्या जास्तीच्या डोपामिन या रसायनाशी आहे. भावाच्या गोळ्या तिथे डोपामिनचे डी२ ग्राहक, म्हणजे पेशीवरच्या डोपामिन जोडलं जाण्याच्या जागा, अडवतात. टाळकऱ्यापर्यंत त्या पोचतच नाहीत.

पट्टेवाल्याने ४० चा आकडा कुठून उचलला तेही सांगतो. कानात सेकंदाला ४० वेळा टिकटिक ऐकवली की मेंदू तोच ठेका धरतो. १९९९ पासून अनेक अभ्यासांत दिसलंय की स्किझोफ्रेनियात ही साथ क्षीण असते. पण ही झाली मोजणी. थर्मामीटर काखेत धरून बसल्याने ताप उतरत नाही. शिवाय निरोगी माणसात लक्षात ठेवायचं ओझं वाढेल तसा गॅमा वाढत जातो. रुग्णांमध्ये काही प्रयोगांत तो सोप्या कामालाच चढलेला दिसला, पुढे वाढायला जागाच नाही. मग 'गॅमा वाढवून देतो' म्हणजे नक्की काय करून देणार?

मोजायचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी नुसते दात आवळले तरी स्क्रीनभर गॅमा येतो, तो जबड्याच्या स्नायूंचा. घरातली वीज ५० हर्ट्झची, तीही गॅमाच्याच ३० ते ८० मध्ये घुसते. आम्ही पंखासुद्धा बंद करतो. बाजारातला पट्टा काय मोजत असेल, ते तुम्हीच ठरवा.

जुनी_ओपीडी
मी मनोविकारतज्ज्ञ. वरच्या प्रतिसादाला +१. गाबाच्या मार्गाने जाणाऱ्या औषधाने २००८ च्या छोट्या चाचणीत आशा दाखवली होती, २०११ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. ग्लुटामेट या पेशींना चेतवणाऱ्या रसायनाच्या बाजूने जाणारं आयक्लेपर्टिन हे औषधही २०२५ मध्ये चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात पडलं. खास वर्किंग मेमरीसाठी गोळी आज तरी नाही.

पण एक गोष्ट आजच बघा. प्रिस्क्रिप्शनवर ट्रायहेक्सिफेनिडिल आहे का? हातापायांची थरथर आणि कडकपणा होऊ नये म्हणून आपल्याकडे ती सर्रास जोडून देतात आणि वर्षानुवर्षं चालू राहते. ती मेंदूतलं ॲसिटिलकोलिन हे रसायन अडवते, आणि स्मरणशक्तीवर तिचा परिणाम होतो. स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'ही अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का?' शिवाय कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणजे सरावाचे पाठ असतात, सोबत प्रत्यक्ष काम असेल तर त्यांचा उपयोग जास्त होतो.

खिळेजुळारी
मी स्वतः याच आजाराचा. छापखान्यात बाइंडिंगला आहे. भावाला यादी लिहून द्या, त्याच्याच अक्षरात असेल तर उत्तम. तो दुकानात असताना 'अजून कोथिंबीर पण आण' म्हणून फोन करू नका. फोन आला की आधीचं सगळं पुसलं जातं, माझं तरी जातं. ओटीपी मी मोठ्याने म्हणत म्हणत टाकतो, लोक बघतात, बघू देत. मालक एका वेळी एकच काम सांगतात, ते झालं की दुसरं. आणि 'लक्ष कुठंय तुझं?' हे घरात कोणी म्हणू नका. लक्ष तिथेच असतं हो.

कृष्णाकाठची
ती गोळी आहे, दिवसातून दोनदा. कधीपासून ते फाइलमध्ये सापडत नाहीये. शुक्रवारी ओपीडी आहे, तुम्ही लिहिलेला प्रश्न कागदावर उतरवून नेते. पट्टेवाल्याचा सकाळीच मेसेज आला, ऑफर फक्त रविवारपर्यंत.