आमचा यूमॅट कॅल्क्युलिक्सवर चालेल का?

पवईकर: लॅबमध्ये अ‍ॅबॅकसची (भागांवरचा ताण काढणारं विकतचं सॉफ्टवेअर) लायसन्स मोजकीच आणि पुण्याच्या ग्रुपकडे तर तीही नाहीत, म्हणून आमचा फोरट्रान भाषेतला यूमॅट (मटेरियल ताणाखाली कसं वागतं ते सांगणारा आपला कोड) कॅल्क्युलिक्स या तशाच फुकट सॉफ्टवेअरवर न्यायचं चाललंय. सगळा नव्याने लिहावा लागेल का?

डोंबिवली_फास्ट: नाही रे. इनपुट फाइलची भाषा बरीचशी अ‍ॅबॅकससारखीच आहे, यूमॅटसाठी इंटरफेसही आहे, फक्त कोड सॉल्व्हरसोबत (गणित सोडवणारा मूळ प्रोग्रॅम) कंपाइल करावा लागतो. आधी एकच एलिमेंट (मॉडेलचा एक छोटा तुकडा) ताणून दोन्हीकडचे स्ट्रेस-स्ट्रेन (किती ताणावर किती विकृती) कर्व्ह जुळतात का बघ, थेट मोठं मॉडेल टाकलंस तर घोडं कुठे अडलं तेच कळत नाही.

माटुंगा_मेक: गिट रेपो (कोडची प्रत्येक आवृत्ती जपणारी जागा) आजच उघडा, मेलवर ‘फायनल_नवा_२’ पाठवत बसलात तर वाट लागली! आणि कॅल्क्युलिक्स जीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर लायसन्सखाली आहे, तुमचा कोड जोडलेलं व्हर्जन बाहेर वाटलंत तर तुमचा सोर्स कोडही द्यावा लागेल, तेव्हा गाइडला आत्ताच विचारा.

पवईकर: सर तयार आहेत, पेपरवर पहिलं नाव कोणाचं यावरच अडलंय 😅