कच्ची पानं ठेवायची का टाकायची?

शाहूपुरीकर: गंगावेशीतल्या तालमीवर कॉमिक काढायलोय, तीन महिने झाले, अजून कुणाला दाखवलं नाही. खाडाखोडीच्या पानांचा गठ्ठा झालाय, आई म्हणती रद्दीत घाल. काय करू?

मिसळवाला: टाकू नको भावा! पानामागं तारीख घाल आणि का बदललं ते एका ओळीत लिही, बास. माझ्या शॉर्टफिल्मला आधी पंचगंगा घाट ठरला होता, तो का सोडला ते आता मलाच आठवंना.

रंकाळाकाठ: दादासाहेब फाळक्यांनी १९१२ ला कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतंय ते रोज थोडं थोडं शूट केलं आणि तेच दाखवून पहिल्या पिक्चरसाठी भांडवल उभं केलं, आता त्या वेळी कुंडीकडं कोण बघत होतं सांग. आणि आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२० ला सैरंध्री हा मूकपट काढला, पण त्या काळच्या मूकपटांच्या बहुतेक फिल्म गेल्याच की. खिडकीजवळ धरून, फ्लॅश बंद करून फोटो तरी काढ.

मिसळवाला: आणि मोबाईल गेला म्हंजे? ड्राईव्हवर पण टाक.

शाहूपुरीकर: व्हय. आत्ता काढताना बघितलं, पान ४ वर पैलवानाला सहा बोटं हायत 😂 गठ्ठा कपाटावर गेला, आई बघायलीय रागानं.