प्रेमकथेला मंगळ चालतो की!

'अंतराळ म्हटलं की सिनेमा गंभीरच पाहिजे, तिथं प्रेमाबिमाचा पोरखेळ कशाला', असं वर एका दादांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटलं नाही. 'मूनशॉट' (२०२२) बघा. साल २०४९. कॉफीच्या दुकानात राबणारा वॉल्ट मंगळाच्या यानात चोरून शिरतो आणि बॉयफ्रेंडला भेटायला निघालेल्या सोफीच्या पदरी पडतो. गोष्ट साधीच, पण दोघांची खटकाखटकी मला फार आवडली.

खरं तर या विषयात विज्ञानच विनोदाला हात देतं. पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. ग्रह लांब असताना 'जेवलीस का?' विचारलं, की 'हो' यायला पाऊण तास! रुसवा काढायचा कसा? शिवाय यान सोडायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. परभणीच्या स्टँडवर गाडी चुकली तर मागून दुसरी मिळते. इथं चुकली तर दोन वर्षं थांबा.

असा सिनेमा आपल्या मराठवाड्यात घडावा असं मनापासून वाटतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे बारीक तरंग, टिपणारी. नवरी तिथं इंजिनिअर, नवरदेव मंगळावर. बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओवर. आत्याबाई विचारतात, 'शेती किती हाय?' आणि उत्तर येईस्तोवर पोहे संपून चहाची दुसरी फेरी झालेली. कुणीतरी लिहाच हे, पहिल्या दिवशी तिकीट काढते मी.