‘फकिरा’ वाचून छाती फुगते, मान का खाली जात नाही?

(एका वाचन-मंचावरचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणंद

अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचून संपवली. दुष्काळात सरकारी खजिना लुटून आपल्या माणसांना जगवणाऱ्या फकिरा मांगाची ही गोष्ट. पहिल्यांदा नववीत वाचली तेव्हा पुस्तक उशाला घेऊन झोपलो होतो. या वेळी मात्र काहीतरी खटकलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

सुरुवात आठवा. जोगीण ज्या गावाची, जत्रा त्या गावाची. शिगावची जोगीण पळवून वाटेगावच्या शिवेत आणायची की जत्रा आपली. हे काम अंगावर घेतो राणोजी मांग, फकिराचा बाप. जोगीण येते, पण राणोजी जिवानिशी जातो. गावाची इभ्रत वाढते. आणि मांगवाडा? तो गावाबाहेर होता, तिथेच राहतो. ज्या गावात राणोजीला घर बांधता आलं नसतं, त्या गावाच्या मानपानासाठी तो मेला. इथे वाचकाला गलबलून यायला हवं. आपण म्हणतो, “वा रे पठ्ठ्या!”

दुसरं, शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी. दोघेही भले, मांगवाड्याच्या पाठीशी उभे राहणारे. मग वाईट कोण? शेजारच्या गावचा खोत आणि इंग्रज साहेब. आपल्या शिवेच्या आत सगळं गोडीगुलाबीचं! माझ्यासारख्या पाटीलकीच्या घरात जन्मलेल्याला ही कादंबरी इतकी आवडते, त्याचं कारण हेच तर नसेल? मला तिच्यात बसायला खुर्ची मिळते, तीही चांगल्या माणसांच्या ओळीत.

बांधावरचा

म्हणजे भला कुलकर्णी रंगवला तरी लेखक चुकला, आणि दुष्ट रंगवला असता तर ‘द्वेष पसरवतो’ म्हणून बोंब ठोकली असती. अण्णाभाऊंनी करायचं तरी काय?

तो माणूस कम्युनिस्ट होता हे विसरू नका. वाटेगावाहून चालत मुंबईला आलेला, पडेल ती हमाली केलेला, गिरणीत राबलेला. कोण कुठल्या जातीत जन्मला यापेक्षा तो ऐन वेळी कुणाच्या बाजूने उभा राहतो, हे त्यांनी पाहिलं. दुष्काळात माणसं पटापट मरत असताना विष्णुपंत काय करतात ते परत वाचा. तुम्हाला जी खुर्ची वाटते ती फुकट नाही, तिची किंमत मोजावी लागते. ती मोजायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न कादंबरीला विचारून उपयोग नाही.

आणि ही कादंबरी अर्पण कुणाला आहे? बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. जात न कळणारा माणूस असं करत नाही.

खडूफळा

पाणंद यांचा पहिला मुद्दा मला पटतो, दुसरा अर्धाच.

अण्णाभाऊ आधी शाहीर, मग कादंबरीकार. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढलं, गावोगाव डफ वाजवला. ‘फकिरा’ १९५९ची, पण कानात घुमतो तो डफच. हा गद्यातला पोवाडा आहे, आणि पोवाड्याला एक नरवीर लागतो. तो घोड्यावर बसला की श्रोत्यांचं लक्ष दुसरीकडे जात नाही. माझी अडचण तिथे आहे. ज्याला घोड्यावर बसता येत नाही, ज्याचं मनगट दुष्काळाने काडीसारखं झालंय, त्याचं काय? अन्याय सोसणाऱ्या शंभरातला एखादा फकिरा होतो. बाकी नव्व्याण्णव आपल्याला दिसतात ते त्याच्या मागे चालताना किंवा त्याने आणलेलं धान्य घेताना.

लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन ‘उचल्या’ (१९८७) याच शिक्क्याच्या, गुन्हेगार ठरवलेल्या जमातीची गोष्ट सांगतं. तिथे घोडा नाही की तलवार नाही. भूक आहे, चोरी आहे आणि पोलिसांचा मार आहे. ते वाचताना एकदाही ‘वा’ म्हणावंसं वाटत नाही. मला ते जास्त खरं वाटतं.

(अवांतर: ‘फकिरा’ची वि. स. खांडेकरांची प्रस्तावना बरेच जण गाळून पुढे जातात. गाळू नका. पांढरपेशा रसिक या पुस्तकाकडे कसा बघत होता, ते तिथे कळतं.)

तारेआतली

‘जास्त खरं’ कुणाला वाटतं, यावर बरंच काही अवलंबून आहे, सर.

माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. मूल रांगायला लागायच्या आत त्याच्यावर शिक्का. कुठे हजेरी, कुठे थेट तारेचं कुंपण. बाहेर जायचं तर पास. रात्री नाव पुकारलं की आतून ‘हाय’ म्हणायचं.

आजी गेली तोवर तार निघून कित्येक वर्षं झाली होती. तरी संध्याकाळी दारावर थाप पडली की “कोण हाय?” असं ती विचारायची नाही. चुलीपासून उठायच्या आधी स्वतःचं नाव सांगायची, मोठ्याने, बापाच्या नावासकट. दारात शेजारची पोरगी उभी असायची, साखर मागायला.

भूक आणि मार आम्हाला पुस्तकातून कळायची गरज नव्हती, ते घरात होतं. घरात नव्हता तो फकिरा. सरकारी कागदात आम्ही ‘चोर’, गावाच्या तोंडी ‘चोर’, आणि एका कादंबरीत आमच्यासारखाच शिक्का बसलेला माणूस सरकारचा खजिना लुटतो आणि लेखक त्याला चोर म्हणत नाही! तुमची मान खाली जात नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे, पाणंद. पुस्तक तुमची मान खाली घालायला लिहिलंय असं का धरून चालता? माझ्या बाबांची मान वर आली, तेवढं मला पुरे.

पाणंद

हे लागलं. माझा सगळा मुद्दा ‘वाचक म्हणजे माझ्यासारखा’ असं गृहीत धरून होता, हे लिहिताना ध्यानातच आलं नाही.

तरी एक सोडत नाही. तुमच्या बाबांना फकिरा मिळाला, छान. पण माझ्या घरात तोच फकिरा ‘आपल्या मातीतला वीर’ म्हणून भिंतीवर जातो, आणि त्याच घरात बांधावरून सालगड्याला शिवी घातली जाते. हे मी पाहिलंय. शौर्य उचलायला सोपं असतं. हजेरी कुणी उचलत नाही.

बांधावरचा

मग राग घरावर काढा की, कादंबरीवर का?

आणि शिवेच्या आत सगळं गोड होतं म्हणता, तर ही हजेरी गावात घ्यायचं कोण? गोरा साहेब रोज घोड्यावरून येत नव्हता. ते काम गावकामगार पाटलाचं. कायदा लंडन-कलकत्त्याचा असेल, पण नाव पुकारणारं तोंड गावातलंच.

रात्रपाळी

फकिराच्या धाग्यावर नेहमी पुरुषच तावातावाने भांडतात, या वेळी एक बाई आहे म्हणून लिहायचं धाडस करते. राणोजी मेल्यावर त्याच्या घरात जे मागे उरतं ते कोण सावरतं? पोर वाढवणं, दुष्काळात चूल पेटती ठेवणं. ही कामं पोवाड्यात बसत नाहीत, हे खडूफळा यांचं म्हणणं मला बायकांच्या बाबतीत जास्त लागू वाटतं. अण्णाभाऊंनी इतर कादंबऱ्यांत ताठ कण्याच्या बायका लिहिल्यात. इथे त्यांना जागा कमी पडली.

खडूफळा

मान्य. आणि तारेआतली, तुमचंही मान्य, माझं वाक्य सैल होतं.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. तो कायदा देशभर रद्द झाला १९५२ला, मुंबई प्रांतात त्याच्याही आधी. आणि १९५९ला, म्हणजे ‘फकिरा’ आली त्याच वर्षी, आपल्याकडे सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा झाला. जमातीऐवजी आता एकेकटा माणूस. दोन वर्षांनी, १९६१ला, राज्य शासनाने याच कादंबरीला पुरस्कार दिला. सरकारी टेबलावर दोन्ही फायली जवळजवळच असणार.

शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही. नातेवाइकांना धरून ठेवल्यावर फकिरा आपण होऊन साहेबापुढे जातो. मला तो त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम वाटत आलाय.

तारेआतली

आजीला वाचता येत नव्हतं. बाबा रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवायचे. जोगिणीला ती हसली, खजिन्याला तिने मांडीवर थाप मारली. शेवटाला बाबांचा आवाज चढला होता, त्यांनाही तो पराक्रमच वाटत होता. फकिरा निघाला, इथवर आल्यावर आजीने मधेच विचारलं, “म्हंजे गेला का त्योबी हजेरीला?”

बाबांनी पुस्तक मिटलं. पुढची पानं तिला कधी वाचून दाखवली नाहीत.